अंध बालकांचे अंकगणित

आपल्यापैकी जे वयाने वडील आहेत, त्यांना दिवेलागणीचा परवचा आठवत असेल. देवापुढे सांजवात लागली की घरातील मुले भिंतीला टेकून ओळीने बसत आणि 'बे एके बे' पासून तिसापर्यंतचे पाढे एका सुरात म्हणत. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. त्या वेळी दिवा मिणमिणता असे आणि निम्म्या मुलांचे डोळे झोपेने मिटलेले असत. तरी पाढा चुकत नसे. सांगण्याचा मुद्दा हा की, जुन्या पंतोजींच्या शाळेतील पुष्कळसे गणित कानांनी शिकविले जाई व जिभेने पाठ होई. मग अंध मुलाला गणित जमत नाही, ही समजूत आपल्यात आली कोठून? आज या प्रश्नाचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. सत्तावीस आणि अठरा यांची बेरीज डोळस मूल पाटीवर कशी करते? संख्या एकाखाली एक मांडते, एककाखाली एकक, दशकाखाली दशक. सात आणि आठ पंधरा. पाच खाली मांडले, हातचा एक. तो हातचा ते दशकाच्या डोक्यावर लिहून ठेवते आणि निश्चिंत होते. म्हणजे पाटी ही त्या मुलाची दुसरी स्मरणशक्ती होय. अंध मुलाजवळ बुद्धी असते, पाढे असतात, बोटेही असतात. नसते ती ही पाटी. त्याला हातचा डोक्यात धरून ठेवावा लागतो. दोन अंकी बेरजेपर्यंत हे निभते. चार अंकी भागाकारात मात्र हुशार मूलही गडबडते आणि आपण म्हणतो, याला गणिताची जाण नाही!

कोणी म्हणेल, ब्रेल लिपी आहे ना? लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने आपली ठिपक्यांची पद्धत 1829 साली प्रसिद्ध केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सहा ठिपक्यांच्या या लिपीत अंकांसाठी निराळ्या खुणा नाहीत. आधी अंकाची खूण टोचावयाची आणि पुढे अक्षर लिहावयाचे, म्हणजे तेच अक्षर अंक होते. आपल्या भारती ब्रेलमध्ये अंकाच्या खुणेनंतर 'अ' आला की एक, 'ब' आला की दोन, 'च' आला की तीन. युक्ती सुंदर आहे. परंतु ब्रेलच्या पाटीवर कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते, आणि ठिपके उमटतात ते कागदाच्या पाठीमागे. कागद काढून उलटल्याखेरीज लिहिलेले वाचता येत नाही. गोष्ट लिहिण्यास याने काही बिघडत नाही. पण उभ्या बेरजेत हातचा लिहावयाचा, लगेच वाचावयाचा, पुढचा अंक मांडावयाचा, हे कसे साधावे? तेव्हा लिपी मिळूनही गणिताची पाटी मिळाली नव्हती.

ती पाटी शोधण्याची खटपट मात्र ब्रेलच्याही शंभर वर्षे आधी सुरू झाली होती. निकोलस सॉन्डर्सन या इंग्रज मुलाची दृष्टी जेमतेम एक वर्षाचा असता देवीच्या रोगाने गेली. आपल्या देशातही देवीने किती घरांत हाच अंधार आणला, हे वडीलधारी मंडळी जाणतात. 1975 साली ती येथून गेली. हा सॉन्डर्सन 1711 साली केंब्रिजमध्ये, ज्या आसनावर पूर्वी न्यूटन होता, त्याच आसनावर गणिताचा प्राध्यापक झाला. हिशेबासाठी त्याने लहान लहान चौकोनांची एक फळी केली होती. प्रत्येक चौकोनात नऊ छिद्रे. मधल्या छिद्रात मोठ्या डोक्याची टाचणी म्हणजे शून्य, लहान डोक्याची म्हणजे एक. आणि मध्ये मोठी टाचणी ठेवून लहान टाचणी भोवतीच्या आठ जागांपैकी जेथे असेल, त्यावरून दोन ते नऊ. बोट फिरविले की आकडा कळे. सॉन्डर्सन 1739 साली वारला. त्याच्या ग्रंथातून ही रीत पुढच्या वर्षी जगापुढे आली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यॉर्क येथील अंधशाळेच्या विल्यम टेलर यांनी याच विचाराला सुटसुटीत रूप दिले. टेलरच्या पाटीत आठ कोनांची छिद्रे असतात आणि त्यांत बसणारे धातूचे छोटे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला काठाशी उंचवट्याची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन ठिपके. खिळा आठ दिशांना फिरविता येतो, म्हणून दोन टोके मिळून सोळा खुणा होतात. एवढ्यात दहाही अंक आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हे बसतात. आता एककाखाली एकक मांडता आले, हातचा डोक्यावर ठेवता आला, चुकला तर उपटून बदलता आला. भारतातील अंधशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी याच पाटीवर हिशेब केले.

आपल्याकडे या शाळा आल्या त्या दुष्काळाच्या पाठोपाठ. देशातील पहिली अंधशाळा 1887 साली अमृतसरला निघाली. आपले कडे गाव नगरच्या वाटेवर. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी अमलात. त्या नगरात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. त्याच मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत निराधार अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. 1902 मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आणि 1934 मध्ये पुण्याची अंधशाळा निघाली. कामे मोठी झाली, यात शंका नाही. परंतु कड्याच्या एखाद्या आईने आपले सहा वर्षांचे अंध लेकरू मुंबईस कसे ठेवावे? तेव्हा खेड्यातील बहुतेक अंध मुले घराच्या ओट्यावरच वाढली. त्यांचे गणित परवच्यापाशी थांबले.

1962 साली अमेरिकेतील केंटकी राज्यात टिम क्रॅनमर या स्वतः दृष्टिहीन असलेल्या गृहस्थांनी जपानी मणिपाटीत एक छोटीशी सुधारणा केली. मण्यांच्या पाठीमागे मऊ अस्तर बसविले, त्यामुळे चाचपताना मणी आपोआप घसरेनासे झाले. प्रत्येक तारेवर वर पाचाचा एक मणी, खाली एकाचे चार. आता आपली मघाची बेरीज करून पाहा. दशकाच्या तारेवर दोन मणी, एककाच्या तारेवर पाचाचा एक आणि एकाचे दोन : झाले सत्तावीस. अठरा मिळवावयाचे. दशकात एक चढविला. आठ मिळवावयाचे म्हणजे दहा देऊन दोन परत घ्यावयाचे. म्हणून एककातले दोन मणी काढले, दशकात आणखी एक चढविला. बोट फिरवा : चार दशक, पाच एकक, पंचेचाळीस. हातचा डोक्यात राहिला नाही, तो तारेवर जाऊन बसला. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढ्यातच आहे.

एक अडचण मात्र खास आपली, मराठीची आहे. आपण 'तेवीस' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकून दोन लिहावे लागतात. डोळस मूल भिंतीवरचा तक्ता पाहून हे सावरून घेते. केवळ कानावर विसंबणाऱ्या मुलाला ही उलटापालट फार छळते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. त्या वादात कोणी काहीही म्हणो. अंध मुलाला शिकविताना 'तेवीस, म्हणजे वीस आणि तीन' असे दोन्ही म्हणून तितके मणी हाताला लावून द्यावेत, यात भाषेचा काहीच अपमान नाही.

श्रोतेहो, हे सगळे कशासाठी? बाजारासाठी. 1957 साली दशमान नाणी आली, तेव्हा पाच पैशांचे चौकोनी आणि दहा पैशांचे नागमोडी कडेचे नाणे बोटांना चटकन कळे. ती नाणी आता गेली. वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे, शंभराच्या नोटेवर त्रिकोणाची व पाचशेच्या नोटेवर वर्तुळाची उठावाची खूण आहे. पण नोट ओळखता आली तरी सुटे किती परत यावेत, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर जगावे लागते. आपण दयेने म्हणतो, 'राहू द्या, त्याला गणितातून सूट द्या.' सूट कधी कधी गरजेची असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पहिलीतच दिलेली सूट ही दया नव्हे; ती मुलाच्या हातातून त्याचा स्वतःचा हिशेब काढून घेणे आहे.

आज कायदा मुलाच्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने गावच्या शाळेचे दार त्याला उघडे केले. 2022 पासून कड्याला आगगाडीही आली. मुंबई-पुणे पूर्वीइतके दूर राहिले नाही. तथापि मूल दूर पाठविण्यापेक्षा मणिपाटी गावात आणणे सोपे आहे. ती नसेल तर चिंचोके आहेत, ज्वारीची ताटे आहेत, दहा-दहा काड्यांच्या जुड्या आहेत. जुडी म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. जुडी सोडली की वजाबाकी शिकविता येते.

आणि परवचा आहेच. तो पुन्हा सुरू करावा, आणि त्या ओळीत अंध मुलालाही भिंतीला टेकून बसवावे. पाढा म्हणताना कोणाला दिसते आणि कोणाला नाही, हे बाहेरून ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही.