जग कोणाच्या खातेवहीत?

आंबोलीला जुलै महिन्यात जातो तो एक तर कवी असतो, नाही तर बेडूक. मी दोहोंपैकी कोणी नसूनही गेलो, कारण भाचा आला होता. भाचा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईला सांगता येत नाही. मी बँकेत काय करतो हे मात्र ती चटकन सांगते. ‘काही नाही’ म्हणते.

कावळेसादच्या कठड्याला टेकून आम्ही उभे होतो. समोर दरी असावी. असावी असंच म्हणायचं, कारण दहा हातांपलीकडे जग संपलं होतं. इतक्यात वारा उठला आणि कड्यावरून खाली निघालेलं पाणी, मध्येच विचार बदलल्यासारखं, उलट वर आलं नि माझ्या चष्म्यावर बसलं. आम्हा सावंतवाडीकरांना याचं काही वाटत नाही. दरीतून वारा जोरात चढला की बारीक धारेला तो खाली जाऊ देत नाही, एवढंच. पण भाचा गंभीरपणे म्हणाला, “मामा, बग!”

मी बघितलं.

“तसं बघ नव्हे. बग. प्रोग्राममधली चूक. पाणी खाली पडायला हवं ना?”

त्याचं म्हणणं असं की, हे सगळं विश्व कोणाच्या तरी संगणकात चाललेलं आहे. आंबोली, दरी, मामा, सगळे त्या यंत्रातले आकडे. धुकं हा तर त्याच्या मते सज्जड पुरावा. जुन्या संगणकी खेळांत लांबचा देखावा काढायला यंत्राची ताकद पुरत नसे. खेळ बनवणारे मग तेवढा भाग सरळ धुक्यात बुडवून टाकत. १९९९ साली निघालेला ‘सायलेंट हिल’ हा जपानी खेळ तर अशा धुक्यासाठीच गाजला. आपण बघतो तेवढंच यंत्र काढतं आणि बाकीचे कष्ट वाचवतं.

मला हे पटेना. काटकसर या विषयात बँकेच्या नोकरीने माझा थोडा अभ्यास झालेला आहे. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काटकसर करणाऱ्याने आधी तो कापला असता. शिवाय हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, बोटभरही नसलेला एक मासा राहतो. ती जात नवी आहे हे शास्त्रज्ञांनी २०२० साली जाहीर केलं आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. मग त्याआधी कोणी बघत नसताना तो मासा काय करत होता?

“कदाचित नोंद झाली तेव्हाच यंत्राने काढला असेल,” भाचा म्हणाला.

नोंद होईपर्यंत घटना घडलीच नाही, हे तत्त्व फक्त आमच्या धंद्यात चालतं अशी माझी समजूत होती.

घरी येऊन चौकशी केली. कॉमर्सच्या पदवीधराला तत्त्वज्ञान कळत नसलं तरी जुनी खाती उपसायची सवय असते. आणि हे खातं भलतंच जुनं निघालं. दोरीवर दिसणारा शंकराचार्यांचा साप आपल्या ओळखीचा आहेच. फ्रान्सच्या देकार्तने १६४१ साली शंका काढली की, एखादा कपटी राक्षस आपल्याला सगळं खोटंच दाखवत असला तर? राक्षसाच्या जागी संगणक बसायला मात्र १९६९ साल उजाडावं लागलं. कोनराड त्सूझ नावाच्या जर्मन गृहस्थाने त्या वर्षी एक पुस्तक काढलं. त्याचा मथळा मराठीत ‘हिशेब करणारं अवकाश’ असा होईल. विश्व हेच एक मोठं गणनयंत्र आहे, असं त्याचं म्हणणं. माणूस पोकळ गप्पा मारणारा नव्हता. १९४१ साली त्याने बर्लिनमध्ये झेड-३ हे प्रोग्रामवर चालणारं यंत्र बांधलं होतं. ते पुढे बॉम्बहल्ल्यात गेलं. मूळचा स्थापत्यशास्त्राचा इंजिनिअर. तीच ती आकडेमोड करून कंटाळला आणि यंत्राकडे वळला. मीही तीच ती आकडेमोड करून कंटाळलो, पण मी चहाकडे वळलो.

भाच्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे निक बोस्ट्रॉम. २००३ साली त्याने एक निबंध लिहिला. जग खोटं असल्याचं त्याने सिद्ध केलं असं लोक समजतात, पण तसं नाही. तो म्हणतो, तिनांपैकी एक तरी गोष्ट खरी असली पाहिजे. एक तर विश्वाची नक्कल करण्याइतकं शहाणं होण्याआधीच बहुतेक समाज संपतात. किंवा शहाणे होतात, पण त्यांना तसल्या नकला करण्यात रस उरत नाही. किंवा मग आपण जवळजवळ नक्कीच अशा एखाद्या नकलेत आहोत. तिसऱ्यामागची मेख कारकुनाला लगेच कळते. मूळ कागद एक आणि त्याच्या झेरॉक्स लाख असतील, तर टेबलावर आलेला कागद झेरॉक्सच असायचा. पण तिनांतला कुठला खरा यावर बोस्ट्रॉमसाहेब सही करत नाहीत. कर्जाची शिफारस करावी पण मंजुरी वरच्यांवर सोडावी, हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. २०१२ साली बीन, दाऊदी आणि सॅव्हेज या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी एक तपासणीही सुचवली. अवकाश आलेखाच्या कागदासारखं चौकटींचं असेल, तर प्रचंड ऊर्जेच्या विश्वकिरणांच्या दिशांमध्ये त्या चौकटींचा माग दिसावा. तसा माग अजून सापडलेला नाही.

समजा उद्या सापडला. तर माझी काल रात्री दुखलेली दाढ दुखलीच नव्हती असं ठरेल का? आमच्या सिंधुदुर्गात हा प्रश्न दर जत्रेला येतो आणि सुटतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, रात्री राजा गर्जतो, आणि सकाळी तोच राजा डोक्यावर सामानाचा बोजा घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. हे पुढे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तरी राजाचा मुलगा गेला की ती पदर डोळ्यांना लावतेच. ‘वयनी, तो मेलो नाय, मागे विडी ओढता’ असं सांगून बघा! गंमत म्हणजे १९८५-८६च्या सुमारास अमेरिकेतल्या संगणकी खेळांनी खेळणाऱ्याच्या सोंगाला नाव दिलं तेही ‘अवतार’च. भाच्याला शब्द ठाऊक होता, दशावतार नव्हता.

ज्ञानदेवांनी तर हे प्रकरण सातशे वर्षांपूर्वीच हातावेगळं केलं आहे. अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन करायला त्यांनी एक लांबलचक प्रकरण घातलं. जग हा चैतन्यावर पडलेला खोटा पडदा नव्हे, चैतन्याचाच तो विलास. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला आणि उत्तरादाखल त्यांना पासष्ट ओव्या गेल्या, अशी कथा आहे. त्या ओव्यांत सोन्याचा दाखला येतो. सोन्याचं सोनेपण तसूभरही कमी होत नाही आणि त्याचा दागिना होतो, तसं हे जग. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने २०२२ साली जाडजूड पुस्तक लिहून म्हटलं की, जग संगणकातलं निघालं तरी त्यातल्या वस्तू खऱ्याच. चांगदेवांना हे पासष्ट ओव्यांत भागलं होतं.

मला हा दाखला कळला तो पोथीतून नव्हे, सोनेतारणाच्या काउंटरवर. आमच्या शाखेतली लेजरं जाऊन संगणक आला, तेव्हापासून दागिन्याची ओळख दोन ओळींत मावते. आंबोलीहून खाली उतरणाऱ्या एका म्हातारीने नातवाच्या फीसाठी पाटल्या ठेवल्या होत्या. यंत्रात नोंद होती: पाटल्या दोन, वजन २३.४०० ग्रॅम. नातवाचा बाप म्हणजे तिचा धाकटा. तो कोविडच्या पहिल्या वर्षी गेला. दीड वर्षाने ती पैसे भरून सोडवायला आली. सराफाने पुन्हा वजन केलं. २३.४००. बरोबर.

म्हातारी काट्याकडे बघतच नव्हती. तिने एक पाटली उचलली आणि डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मागे रांग वाढत होती. मग अंगठा थांबला.

“हीच ती. हो बघ पोचो, झिला. धाकट्यान पाट्यार आपटल्यान. दोन वर्सांचो होतो.”

मी पोचा बघितला. नोंदीत तो नव्हता. पाटल्या हातात चढवून तिने विचारलं, “सही खंय करू?” मी जागा दाखवली आणि यंत्रात खातं बंद केलं.