‘प्रसिद्ध करणे’ : अब्रूनुकसानीच्या कायद्यातील एक क्रियापद

‘अब्रू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी, तेज. ‘रू’ म्हणजे मुख. मुखावरचे तेज पाहणाऱ्याच्या दृष्टीतच असते, आणि १८६०च्या भारतीय दंडसंहितेचे ४९९ वे कलमही नेमके इतरांच्या दृष्टीतील लौकिकाचेच रक्षण करी. इंग्लंडातील कायदा लेखी व तोंडी बदनामीत भेद करी. तो या संहितेने मानला नाही. उच्चारलेले शब्द, वाचण्यासाठी योजिलेले शब्द, खुणा, चित्रे ही सर्व एका वाक्यात गोवून तिने ‘प्रसिद्ध करणे’ या क्रियापदावर भर दिला. सत्य हाही पुरेसा बचाव नव्हे. ते लोकहितार्थ सांगितलेले असावे लागते.

या क्रियापदाचा जाच महाराष्ट्राला प्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवला तो कोल्हापूर प्रकरणात. छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. आधार होता तो बर्व्यांची म्हणून दाखविलेल्या पत्रांचा. ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी ती लिहिली नव्हती, ती खरी आहेत असा त्यांचा विश्वास होता. तथापि छापणारे तेच होते. दोघांनी खेद व्यक्त केला, तरी जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

आज मोबाइलवर आलेला मजकूर पुढे धाडणारा मनुष्य स्वतःस संपादक समजत नाही. परंतु बदनामीकारक मजकुराचे ट्विटरवरील पुनःप्रसारण हेही प्रकाशनच होय, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले.

मध्यंतरी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ कलमाने निराळाच मार्ग धरला होता. ‘त्रास’, ‘गैरसोय’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनःस्थितीचे वाचक आहेत. त्यांत गुन्ह्याची व्याख्या कशी मावावी? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, तेव्हा या शब्दांचा सैलपणा उघड झाला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले; एखाद्यास त्रास होणे आणि त्याच्या लौकिकास बाध येणे या भिन्न गोष्टी आहेत, हेही त्याने स्पष्ट केले. फौजदारी अब्रूनुकसानी मात्र त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरविली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात जुनेच वाक्य आहे. शिक्षेच्या पर्यायांत समाजसेवेची भर पडली, आणि ‘प्रसिद्ध करणे’ याला ‘कोणत्याही रीतीने’ हे शब्द जोडले गेले. १८६०च्या वाक्यात ते अध्याहृत होतेच.