प्लॅटिनम धातूंवरील संशोधन व उद्योगांचे साहाय्य

प्लॅटिनम, ऱ्होडियम इ. मौल्यवान धातूंच्या किंमती विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरच्या असल्याने त्यांच्या नव्या उपयोगांवरील संशोधनास उद्योगसंस्थांनी साहाय्य केले. जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीने उसन्या दिलेल्या ऱ्होडियम लवणांच्या आधारे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जेफ्री विल्किन्सन यांनी १९६५ च्या सुमारास असंतृप्त कार्बनी संयुगांच्या हायड्रोजनीकरणासाठी एक कार्यक्षम उत्प्रेरक (विक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ) तयार केला.

औषधनिर्मितीचा मार्ग मात्र अनपेक्षितपणे खुला झाला. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विद्युत् क्षेत्राचा जंतूंवरील परिणाम अभ्यासीत होते. प्लॅटिनमाच्या विद्युत् अग्रांपासून बनलेली संयुगेच पेशीविभाजन रोखतात, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६५ मध्ये आढळले. त्यातून सिसप्लॅटिन या १८४४ पासून ज्ञात असलेल्या संयुगाचा कर्करोगावरील गुण उघड झाला व १९७८ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. मूत्रपिंडांस ते अपायकारक असल्याने जॉन्सन मॅथी व लंडनची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून कमी विषारी असे कार्बोप्लॅटिन विकसित केले. ते १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले.

ज्ञात गुणाचा विकास उद्योगांच्या साहाय्याने वेगाने होतो. परंतु तो गुण प्रथम आढळण्यास संशोधकाची मुक्त जिज्ञासाच कारणीभूत झाली, हे या इतिहासावरून दिसून येते.