पुढे डोंगर आहे!

मी मूळचा जुन्नर तालुक्यातला. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज ही नावं घेतली की इथल्या मराठी मंडळींच्या चेहऱ्यावर लगेच ओळखीचं हसू येतं. पण आमच्या तालुक्याच्या नावावर एक घटना अशी आहे की जी दर पावसाळ्यात तिकडे ट्रेकला जाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र. सिडनीहून रोमला निघालेलं आलितालिया कंपनीचं डीसी-८ जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. वैमानिकांचं मुंबईशी रेडिओवर बोलणं झालं, खाली उतरायची परवानगी मिळाली, आणि आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत अशा समजुतीने त्यांनी विमान खाली आणलं. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर लांब होती. मध्ये आमचे डोंगर होते. सुमारे ३६०० फुटांवर विमान जुन्नरजवळच्या डोंगराला धडकलं. आतल्या ९४ जणांपैकी एकही वाचला नाही.

माझे आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी हटकून एक प्रश्न विचारायचे : "एवढं मोठं विमान, पुढे डोंगर आहे हे त्याला कळू नये?"

लहानपणी मला तो प्रश्न भाबडा वाटायचा. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, कन्सल्टिंगच्या निमित्ताने अमेरिकेत आलो, आणि सिएटलजवळच्या रेडमंडला बिऱ्हाड थाटलं. रेडमंड म्हटलं की सगळ्यांना मायक्रोसॉफ्टच आठवतं. साहजिक आहे, आपल्या मंडळाचे निम्मे सभासद तिथेच तर कामाला आहेत! पण आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात ज्या माणसाने सगळी हयात घालवली, त्याचं ऑफिसही याच गावात होतं हे मला फार उशिरा समजलं. त्याचं नाव डॉन बेटमन. (बॅटमन नव्हे, बेटमन. पण वाचवलेल्या जिवांचा हिशोब मांडला तर बॅटमन फिका पडेल.)

आधी थोडं त्या काळाबद्दल. जुन्नरसारखे अपघात तेव्हा अपवाद नव्हते. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, वैमानिक अनुभवी, आणि तरीही विमान सरळ जाऊन डोंगरावर आदळतं. विमानशास्त्रात याला नाव आहे 'कंट्रोल्ड फ्लाइट इंटू टेरेन', म्हणजे पूर्ण ताब्यात असलेलं विमान जमिनीत जाणं. आपल्याला यातला सगळ्यात जिव्हारी लागलेला अपघात २४ जानेवारी १९६६ चा. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते. कटाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, पण चौकशीत निघालेलं कारण साधं आणि म्हणूनच जास्त भयंकर आहे. जागा दाखवणारं एक उपकरण बंद होतं. माँ ब्लाँ अजून पाच मैल पुढे आहे, असं जिनिव्हाच्या कंट्रोलरने रेडिओवरून सांगितलं. वैमानिकाने त्याचा अर्थ घेतला की आपण पर्वत ओलांडला आहे. रेडिओ उत्तम चालू होता, शब्द नीट ऐकू आले होते, पण दोन्ही टोकांना त्यांचा अर्थ वेगळा लागला.

म्हणजे माणसाने माणसाला रेडिओवर सांगणं पुरेसं नव्हतं. विमानाला स्वतःलाच काहीतरी कळायला हवं होतं.

डॉन बेटमन यांचा जन्म १९३२ चा, कॅनडातल्या सॅस्कटून गावचा. आठ-नऊ वर्षांचे असताना, ऐन महायुद्धात, शाळेजवळ आकाशात दोन लष्करी विमानं एकमेकांवर आदळली. हा मुलगा आणि त्याचा मित्र शाळेतून पळून थेट अपघाताच्या जागी पोचले. तिथे जे दिसलं ते त्या वयात दिसू नये असंच होतं. शाळेतून पळाल्याबद्दल बाईंनी शिक्षा केली ती अशी, की जे पाहिलं त्याचा अहवाल लिहून आणा. अहवाल वाचून बाई म्हणाल्या, तुझं स्पेलिंग इतकं वाईट आहे की तू इंजिनिअरच होणार! बाईंचा अंदाज खरा ठरला. १९५६ मध्ये सॅस्कॅचवान विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग सिएटलला बोईंगमध्ये, आणि तिथून युनायटेड कंट्रोल नावाच्या एका लहान कंपनीत. ही कंपनी पुढे सनस्ट्रँडने घेतली, मग ती अलाइडसिग्नलकडे आणि शेवटी हनीवेलकडे गेली. गेटवरच्या पाट्या बदलत गेल्या, बेटमन मात्र २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेच काम करत राहिले. दर दोन वर्षांनी रेझ्युमे अपडेट करणाऱ्या आमच्या पिढीला हे झेपणं जरा कठीणच.

१९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी जे यंत्र बनवलं त्याचं नाव 'ग्राउंड प्रॉक्सिमिटी वॉर्निंग सिस्टिम'. कल्पना सोपी होती. विमानात रेडिओ अल्टिमीटर असायचाच. तो पोटाखालून जमिनीकडे रेडिओ लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला यावरून खाली किती फूट मोकळी जागा आहे ते सांगतो. बेटमननी या आकड्याला विमान उतरण्याच्या वेगाची, चाकं आणि फ्लॅप्स उघडले आहेत की नाहीत याची जोड दिली. हिशोब धोक्याचा आला की कॉकपिटमध्ये भोंगा वाजायचा आणि रेकॉर्ड केलेला आवाज ओरडायचा : "पुल अप!" म्हणजे वर घे!

४ सप्टेंबर १९७१ ला अलास्का एअरलाइन्सचं बोईंग ७२७ जूनोजवळ डोंगरावर आदळून १११ जण दगावले. त्यानंतर बेटमन आपलं यंत्र एका छोट्या विमानात घालून, स्वतः आत बसून त्याच मार्गाने गेले. यंत्राने इशारा दिला, पण अगदी काही सेकंद आधी. एवढ्या वेळात जेट विमान वर घेणं अशक्य होतं. परत येऊन त्यांनी पुन्हा हिशोबात डोकं घातलं. विक्रीसाठी तयार असलेल्या वस्तूची अशी परीक्षा घ्यायची, तीही तिथे जाऊन, हे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं वाटतं.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळ टेकडीवर आदळलं, ९२ जण गेले. इथेही रेडिओवरचं एक वाक्य नडलं. "अप्रोचला परवानगी आहे" याचा अर्थ वैमानिकांनी घेतला की आता खाली जायला हरकत नाही. कंट्रोलरच्या मते उंची सांभाळणं हे वैमानिकांचं काम होतं. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने मोठ्या विमानांना बेटमन यांच्यासारखं यंत्र सक्तीचं केलं. अपघात कमी झाले, पण थांबले नाहीत.

कारणं दोन. पहिलं, खोटे इशारे. आयटीतल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. रात्री तीनला ऑन-कॉलचा फोन वाजतो, उठून बघावं तर काहीच झालेलं नसतं. असं पाचदा झालं की सहाव्या वेळी माणूस कूस बदलून झोपतो. सुरुवातीची यंत्रं सुखरूप विमानातही ओरडायची, आणि वैमानिक आधी डोंगर शोधण्याऐवजी यंत्रालाच शिव्या घालायचे. म्हणून बेटमन यांच्या टीमचं निम्मं काम यंत्राला ओरडायला शिकवण्याचं नव्हतं, गप्प बसायला शिकवण्याचं होतं. कुठल्या विमानतळावर, कुठल्या टेकडीवरून जाताना उगाच इशारा येतो ते शोधायचं आणि हिशोब दुरुस्त करायचा. याला कुणी पेटंटचा थाट म्हणणार नाही, पण 'लांडगा आला रे' थांबल्याशिवाय खऱ्या लांडग्याचा उपयोग नव्हता.

दुसरं कारण अधिक अवघड. रेडिओ अल्टिमीटर फक्त खाली बघतो. समजा तुम्ही कोकणातून माळशेजच्या दिशेने कमी उंचीवरून उडत आलात. खाली मुरबाडची सपाटी, यंत्र खूश. आणि समोर सह्याद्रीचा उभा कडा! पायाखालची जमीन वर यायला लागेपर्यंत यंत्राला काही कळतच नाही. २८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकात एअर न्यूझीलंडचं विमान एरेबस पर्वतावर आदळलं तेव्हा हेच झालं. पांढऱ्या बर्फात पांढरा उतार वैमानिकांना दिसला नाही. यंत्र ओरडलं, पण धडकेच्या सुमारे सहा सेकंद आधी. २५७ बळी.

पुढे बघायचं तर यंत्राला सगळ्या जगाचा नकाशा पाठ असायला हवा. असा नकाशा आणायचा कुठून? बऱ्याच देशांत डोंगरदऱ्यांची मापं हे लष्करी गुपित. पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि त्यांच्या लष्कराने कित्येक दशकं खपून केलेले जगभरचे नकाशे विकत मिळू लागले. ते घ्यावेत म्हणून बेटमननी कंपनीतल्या वरिष्ठांना पटवलं. ज्या नकाशांवरून कदाचित बाँबफेक करायची होती, ते विमानं वाचवायला कामी आले! त्याच सुमारास जीपीएस हाताशी आलं. विमान नेमकं कुठे आहे ते जीपीएस सांगणार, पुढे काय आहे ते डेटाबेस सांगणार. इशारा आता सहा सेकंद आधी नाही, तर जवळजवळ एक मिनिट आधी, आणि शिवाय पडद्यावर लाल-पिवळ्या रंगात डोंगराचं चित्र.

हे नवं यंत्र येऊ घातलं होतं तेव्हाच, २० डिसेंबर १९९५ ला, कोलंबियातल्या काली शहराजवळचा अपघात झाला. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो अभ्यासावा असा आहे. वैमानिकांना 'रोझो' नावाच्या रेडिओ बीकनकडे जायचं होतं. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये नुसतं 'आर' अक्षर टाइप केलं. डेटाबेसने पहिलं नाव पुढे केलं ते 'रोमिओ'चं, आणि ते होतं दूर बोगोटाजवळ! विमान इमानदारीने डावीकडे वळून डोंगरात शिरलं. जुन्या यंत्राने जेमतेम बारा-तेरा सेकंद दिले. वैमानिकांनी विमान वर खेचलं, पण पंखांवरचे स्पीडब्रेक उघडेच राहिले होते. १६३ पैकी चारच जण वाचले. २००० साली अमेरिकेने डोंगर आधी दाखवणारी यंत्रणा सक्तीची करायचा नियम केला, इतर देशही त्याच वाटेने गेले.

बेटमन यांच्या नावावर चाळीसहून अधिक अमेरिकन पेटंटं आहेत. २०१० सालचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक त्यांना राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते मिळालं. हे मान योग्यच, पण मला त्याहून मंगळूर आठवतं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. आखातातून घरी निघालेली माणसं होती ती, १५८ गेली, आठ वाचली. त्या विमानात बेटमन यांचं यंत्र होतं आणि त्याने उतरताना इशारा दिला होता, एकदा नव्हे, अनेकदा. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं होतं, उतरू नका, परत वर चला. कॅप्टनने ऐकलं नाही. इतक्या वर्षांच्या मेहनतीने इशारा वेळेवर येऊ लागला होता, खराही होता, तरी शेवटचा हात माणसाचाच.

आणखी एक आठवण इथल्या पुष्कळांना असेल. १९ जानेवारी २०२२ ला एअर इंडियाने अमेरिकेची काही विमानं अचानक रद्द केली, मुंबई-नेवार्क त्यातच होतं. फाइव्ह-जी मोबाइलच्या नव्या लहरी विमानातल्या एका उपकरणाला गोंधळात पाडतील अशी भीती होती. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब सामानासह दोन दिवस ताटकळलं आणि "मोबाइलचा आणि विमानाचा संबंध काय?" म्हणून फोनवर माझ्यावरच उखडलं. ते उपकरण म्हणजे रेडिओ अल्टिमीटर, बेटमननी पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्या आकड्यावर आपला सगळा हिशोब उभा केला तेच. मी त्यांना फोनवर जुन्नरपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. अर्धा तास लागला, पण शेवटी काकू म्हणाल्या, "मग रद्द केलं ते बरंच झालं की रे!"

बेटमन तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते आणि रेडमंडला लागूनच असलेल्या बेलव्ह्यूमध्ये राहत होते. २१ मे २०२३ ला तिथेच, राहत्या घरी ते वारले.