तात्यांचा फुगलेला फोन आणि बीएल-५सी

मागच्या महिन्यात एका वीकांताला गावी गेलो होतो. गाव राहुरीजवळ. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर, आणि आमच्या तोंडी पहिल्यापासून नुसतं 'नगर'. संध्याकाळी ओट्यावर चहा पीत बसलो होतो तर तात्यांनी (म्हणजे वडिलांनी) फोन पुढ्यात टाकला.

"बघ रं, ह्याला काय झालंय. खाली ठिवला की नीट बसंना."

उताणा ठेवून टिचकी मारली तर पठ्ठ्या भोवऱ्यासारखा फिरला. मागचं झाकण एका कडेने उचकटलं होतं, फटीतून आतलं दिसत होतं. बॅटरी फुगली होती! आणि हा फोन तात्या रोज उशाखाली घेऊन झोपतात. पोटात गोळाच आला. लगेच फोन बंद केला, जुन्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि डबा अंगणात तुळशीपासून लांब नेऊन ठेवला.

तात्यांनी तालुक्याला एका दुकानात दाखवला होता म्हणे. दुकानदार म्हणाला, ह्यात काही राम नाही, नवा घ्या. तात्यांना ते काही पटलेलं नव्हतं. "आरं पह्यले आपुन नखानं झाकान काढून सेल बदलायचो की. तू एवढा कंप्युटरवाला, तुला येईना व्हय?"

आता याला काय उत्तर देणार? कारण तात्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्याला एक तारीखवार इतिहास आहे.

१४ ऑगस्ट २००७. नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी नावाच्या बॅटऱ्यांच्या एका खेपेत दोष आहे. चार्ज होताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन ती तापू शकते. बॅटऱ्या जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या. आकडा ४ कोटी ६० लाख! तोवर या मॉडेलच्या एकूण ३० कोटी बॅटऱ्या बाजारात गेल्या होत्या, अनेक कंपन्यांनी बनवलेल्या, त्यातल्या या एवढ्या. जगभरात मिळून तापण्याच्या शंभरेक तक्रारी होत्या आणि कुणाला गंभीर इजा झालेली नव्हती. पण आपल्याकडे बातमी पोचली ती "नोकिया फुटतोय" अशी.

मी तेव्हा नगरला हॉस्टेलवर होतो. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, झेंडावंदन उरकून अख्खं हॉस्टेल फोन उघडून बसलेलं. करायचं काय, तर मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, तिच्यावर बीएल-५सी लिहिलंय का बघायचं, आणि असेल तर पाठीवरचा २६ अक्षरांचा नंबर नोकियाच्या साइटवर टाकायचा. नंबर त्या खेपेतला निघाला तर नवी बॅटरी फुकट. मी जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर अकरा पोरांचे नंबर उतरवून सायबर कॅफेत गेलो. साइट उघडता उघडेना. सगळं जगच तिथे लोटलं होतं.

तात्यांकडे तेव्हा नोकिया ११०० होता. २००३ साली आलेला, पुढे २५ कोटींच्या आसपास खपलेला. आमच्याकडे 'बॅटरी' म्हणजे टॉर्च आणि टॉर्चच्या पोटात असतो तो 'सेल', त्यामुळे "बॅटरीवाला फोन" म्हणजे टॉर्च असलेला ११०० हे सगळ्यांना कळायचं. शेतीची थ्री फेज लाईट रात्री आली की पाणी धरायला जायचं, उसात बिबट्या आहे की नाही ते देवाला ठाऊक, तेव्हा त्या टॉर्चची किंमत नोकियाच्या इंजिनियरांना किती माहीत होती कुणास ठाऊक, तात्यांना होती.

तर मी तात्यांना फोन करून म्हटलं, बॅटरीवरचा नंबर वाचून दाखवा. ते म्हणाले बरं, आणि फोन कट. पुन्हा लावतो तर बंद. पाच मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला, बॅटरी काढल्यावर फोन चालणार कसा? :-) शेवटी शेजारच्या काकांच्या फोनवरून आईने एकेक अक्षर वाचून दाखवलं. नंबर त्या खेपेतला नव्हता. काकांच्या बॅटरीवर मात्र नंबरच नव्हता, म्हणजे अस्सल ड्युप्लिकेट. खऱ्या बॅटरीवर होलोग्राम असायचा. एका कोनातून दोन हात दिसायचे, दुसऱ्या कोनातून नोकिया ओरिजिनल एन्हान्समेंट्स ही अक्षरं, आणि लेबल डावी-उजवीकडे, खाली-वर कललं की कडेला एक, दोन, तीन, चार ठिपके. काकांनी बॅटरी सगळ्या बाजूंनी कलवून पाहिली. एक ठिपका म्हणून नाही.

असो. मला आज त्या प्रकाराचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. जेमतेम सातवी शिकलेल्या माणसाने शेतात उभं राहून, एकही हत्यार न वापरता, संशयित बॅटरी दहा सेकंदांत फोनबाहेर काढली. धोका तिथेच संपला. फोन, सिम, नंबर सगळं आपल्याकडेच, फक्त काडेपेटीहून थोडा मोठा तुकडा बदलायचा. म्हणून ४ कोटी ६० लाखांचा प्रश्न हाताळता आला.

याच्या शेजारी २०१६ चा सॅमसंग नोट ७ ठेवून बघा. फोन साधारण २५ लाख, म्हणजे त्या मानाने काहीच नाही. पण बॅटरी आत चिकटवलेली. लोकांनी करायचं काय? फोन बंद करायचा आणि अख्खा परत द्यायचा. बदलून दिलेल्या फोनांनीही पेट घेतला, विमानात न्यायला बंदी आली, परत पाठवायला कंपनीने आग न लागणारे खोके दिले, आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच गुंडाळलं.

गंमत म्हणजे हा बदल सुरू झाला तोही २००७ च्याच उन्हाळ्यात. बीएल-५सीच्या घोषणेच्या दीड महिना आधी, २९ जूनला, पहिला आयफोन विक्रीला आला. त्याची बॅटरी तर चक्क आत सोल्डर केलेली होती. पुढे बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. कारणं अगदीच खोटी नाहीत. बीएल-५सीला अ‍ॅल्युमिनियमचा टणक डबा असतो, हाताळली तरी चालते. आताच्या बॅटऱ्या पातळ पिशवीतल्या. डबा गेला, जाडी वाचली, पण ती पिशवी उघडी हातात देणं धोक्याचं. मात्र "पाणी जाऊ नये म्हणून सील करावं लागतं" हे कुणी सांगितलं तर मी मान्य करत नाही. सॅमसंगचाच २०१४ चा एस ५ पाण्यात टिकायचा आणि नखाने झाकणही उघडायचं. २०१५ च्या एस ६ मध्ये झाकण बंद झालं, ते काय पाण्यासाठी?

युरोपने आता उलटी चावी फिरवली आहे. तिथल्या २०२३ च्या नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. पळवाट आहेच. हजार वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता राखणाऱ्या, पाण्यात टिकणाऱ्या फोनला सूट मिळते. आपल्याकडे २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, एक पोर्टलही काढलं. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग माझा फोन कवा व्हनार?"

बॅटरी पुण्याहून मागवावी लागणार होती, म्हणजे आठवडा गेला. तोवर तात्यांनी काय वापरायचं? कपाटातला ११०० काढला. त्याची मूळ बॅटरी केव्हाच मेलेली. तेवढ्यात आईचा हरिपाठाचा डबा दिसला, तो स्वस्तातला छोटा स्पीकर. मागचं झाकण काढलं तर आत कोण? बीएल-५सी! नोकिया गेली पण तिच्या बॅटरीचा आकार चिनी रेडिओ-स्पीकरवाल्यांनी आपलासा केला. ती ११०० मध्ये घातली, सिमला प्लास्टिकची चौकट लावली (सिम २जी चालणाऱ्या कंपनीचं, म्हणून जमलं), आणि दोन हात पडद्यावर एकमेकांकडे सरकले. तात्यांनी आधी टॉर्च लावून पाहिला.

पुढच्या शनिवारी शस्त्रक्रिया. अंगणात, शेजारी वाळूची बादली. फोन चार्ज पंचवीस टक्क्यांच्या खालीच होता, ते बरं, कमी चार्ज म्हणजे बिघडलं तर आगही कमी. बहिणीच्या हेअर ड्रायरने कडा गरम केल्या, गिटारची पिक फिरवून झाकण सुटलं. आधी बॅटरीची पट्टी कनेक्टरवरून उचकटली. मग खरी परीक्षा. बॅटरीखालची ओढायची पट्टी तुटली. अशा वेळी पेचकस घालायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. पिशवीला भोक पडलं की आतले थर एकमेकांना टेकणार, आणि मग जाळ. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे थेंब सोडत, जुन्या एटीएम कार्डाने, जराजरा करत चाळीस मिनिटं लागली. मधे एकदा कार्ड घसरलं तेव्हा आई देवाचं नाव घेत उठूनच उभी राहिली. तात्या मात्र ढिम्म.

नवी बॅटरी बसली, फोन लागला, फोटो-बिटो सगळे जागेवर. फुगलेली बॅटरी वाळू घातलेल्या डब्यातून पुण्याला आणली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. कचऱ्यात टाकली असती तर ती गाडीत पेटू शकते.

एक सांगायचं राहिलं. झाकण मी गोंदाने बसवलंय, पण कंपनीचं सील काही परत येत नाही. "तात्या, हा फोन आता पाणी धरायला नेऊ नका बरं का, आत पाणी जाईल."

"नाय नेत. रात्रीला हा हाय की," ते ११०० खिशात घालत म्हणाले.

"आन् माझा हरिपाठ?" आई स्वयंपाकघरातून.

आणखी एक बीएल-५सी मागवली आहे.