दक्षिणेचा पैसा आणि त्याचा जाब

राजाश्रयावांचून विद्या व कला वाढत नाहींत, हें वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु राजाश्रय म्हणजे राजाच्या पदरचा पैसा नव्हे. रयतेनें भरलेल्या साऱ्यांतून तो आलेला असतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाहीं. ती एकदां मान्य केली, कीं देणारास जाब कोणी विचारावा हा प्रश्न उभा राहतो. आपल्या प्रांतांत हा प्रश्न प्रथम उघडपणें निघाला तो पुण्याच्या दक्षिणेवरून.

पेशवाईंत दर श्रावणांत पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. शास्त्रीपंडितांस त्यांच्या विद्वत्तेनुसार अधिक मिळे. पण विद्येचा गंध नसलेलेही रिकाम्या हातीं परतत नसत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें ही चाल एकदम मोडली नाहीं. लोक दुखावतील ही धास्ती होती. दक्षिणेस वर्षाकांठीं ५०,००० रुपयांची मर्यादा पडली, आणि त्याच पैशाच्या आधारावर सन १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें नवे दक्षिणेकरी घेणें थांबलें.

सन १८४९ मध्यें पुण्यांतील कांहीं तरुण सुधारकांनीं सरकाराकडे अर्ज केला. या पैशाचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा आणि त्यांत जातीचा भेद नसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ‘शतपत्रां’चे कर्ते लोकहितवादी त्यांचे अग्रणी होते. सनातनी मंडळी खवळली. तेव्हां जोतीराव फुले मांग-महारांस बरोबर घेऊन अर्जदारांच्या रक्षणास उभे राहिले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्यासाठीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

पैशाची वाट बदलली. पण तो वांटणारे हात कोणाचे, हा प्रश्न राहिलाच. सन १८५५ मध्यें फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविलें. एक जोशी अडाणी कुणब्यास व त्याच्या गरोदर बायकोस ग्रहांची भीति घालून कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. कमिटीनें तें नाकारलें. तेथील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, अशी तक्रार फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्यें नमूद केली आहे. ज्या निधीची वाट बदलावी म्हणून ते उभे राहिले, त्याच निधीनें त्यांना पाठ दाखविली. नाटक छापून वाचकांपुढें येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें.

ही एका बाजूची हकीकत आहे, असें कोणी म्हणेल. म्हणूनच आमचें सांगणें असें, कीं निवडीचीं कारणें लेखी व उघड असावींत. तीं उघड असलीं म्हणजे दोन्ही बाजू तोलतां येतात. नसलीं म्हणजे नाकारलेल्या माणसाची तक्रार तेवढी मागें उरते.

स्वराज्यांत तरी हा धडा गिरविला गेला काय? सन १९६० मध्यें महाराष्ट्रानें साहित्य संस्कृति मंडळ स्थापिलें, तें भूषणावहच होय. परंतु डिसेंबर २०२२ मध्यें कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादास सरकारनें वाङ्मय पुरस्कार जाहीर केला आणि थोड्याच दिवसांत रद्द केला, निवड करणारी समितीही त्याबरोबर बरखास्त झाली. आदेशांत कारण होतें ‘प्रशासकीय’ एवढेंच. नक्षलवादाच्या उदात्तीकरणाचा मुद्दा सरकारच्या वतीनें पुढें आला खरा, पण तो आदेशाबाहेर. कांहीं लेखकांनीं मंडळांचे राजीनामे दिले, कांहींनीं आपले पुरस्कार परत केले.

त्या ग्रंथाच्या गुणदोषांचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. सरकारनें स्वतः नेमलेल्या जाणकारांचा निर्णय एका शब्दाच्या कारणानें फिरवावा, एवढीच आमची तक्रार आहे. कमिटीनें लेखकास जाब द्यावा, आणि सरकारनें कमिटीस व रयतेस द्यावा. दक्षिणा गेली, रमणा ओस पडला. पैसा मात्र अजून रयतेचाच आहे.