बाटली, मद्यपी आणि ‘मिस्टर ड्राय’

१८४६ साली न्यूयॉर्कच्या नॅथॅनिएल करियर या मुद्रकाने मद्यपानाच्या नऊ पायऱ्या दाखविणारे एक शिलामुद्रित चित्र विक्रीस काढले. कमानीसारख्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मित्रासोबत घेतलेला एक प्याला, माथ्यावर बेहोश मैफल, आणि उतरणीवर दारिद्र्य, गुन्हा व अखेर आत्महत्या. कमानीखाली रडणारी पत्नी आणि तिच्याजवळ मूल. हे चित्र हसविण्यासाठी काढलेले नव्हते. तरीही अमेरिकी नियतकालिकांतील मद्यविषयक व्यंगचित्रांनी पुढे जी सामग्री वापरली, तिचा मोठा भाग येथे तयारच आहे. फरक पडला तो एवढाच, की पायऱ्या गळून पडल्या, माणूस उरला. आणि त्या माणसाला लवकरच एक वंश चिकटला.

२ सप्टेंबर १८७१ च्या ‘हार्पर्स वीकली’मध्ये थॉमस नास्टने दारूगोळ्याच्या पिंपावर बसलेला आयरिश मनुष्य रेखाटला. वानरासारखा जबडा, एका हातात पेटता पलिता, दुसऱ्यात उंचावलेली बाटली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयरिश प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात रक्तरंजित दंगल झाली होती, हे खरे. परंतु चित्रातील आरोप दंगलखोरांपुरता थांबत नाही, तो संपूर्ण समाजाच्या देहरचनेवरच जाऊन बसतो. नास्ट स्वतः बालपणी जर्मनीतून आलेला स्थलांतरित. रेषेवरील त्याचे प्रभुत्व निर्विवाद आहे, आणि म्हणूनच ते चित्र अधिक अन्यायकारक ठरते.

व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ केप्लरच्या ‘पक’ या रंगीत साप्ताहिकाची दृष्टी निराळी होती. ते आधी जर्मन भाषेत निघाले, १८७७ पासून इंग्रजीत. ज्या वाचकांच्या घरी रविवारची बिअर ही कुटुंबाची रीत होती, त्यांना मद्यनिषेधाचा प्रचारकच हास्यास्पद वाटणार. पण १८९३ मध्ये ओहायोत स्थापन झालेल्या अँटी-सलून लीगने नेम धरला तो पिणाऱ्यावर नव्हे, तर गुत्त्यावर. गुत्ता म्हणजे स्थलांतरित कामगारांची बैठकीची जागा होती. व्यंगचित्रांनी कायदा घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र दारुडा म्हणजे परका, ही समजूत त्यांनी घरोघर पोहोचविली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांच्या मद्यभट्ट्यांविरुद्ध रोष उसळला, तेव्हा ती कामी आली.

१७ जानेवारी १९२० रोजी दारूबंदी अमलात आली आणि हास्याचे लक्ष्य उलटले. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात रॉलिन कर्बीने ‘मिस्टर ड्राय’ उभा केला: उंच, हाडकुळा, काळा लांब कोट, उंच टोपी, लांबलचक नाक, हाती छत्री. दुसऱ्याच्या सुखाने व्याकूळ होणारा हा गृहस्थ वाचकांनी पाहताक्षणी ओळखला. कर्बीला १९२२ मध्ये व्यंगचित्रासाठीचे पहिले पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कायद्याने उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर बंदी घातली होती, प्राशनावर नव्हे. ज्याने आधीच तळघर भरून ठेवले, त्याला घरी बसून ते रिते करण्याची मुभा होती, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की औषध म्हणून मिळे. विनोदाला याहून सुपीक जमीन कोणती? १९२५ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये पीटर आर्नोसारख्या चित्रकारांनी रंगविलेले शहरी जग याच चोरट्या मद्यालयांच्या काळातले. तेथील मद्यपी सुवेषधारी, सुखवस्तू आणि निर्धास्त आहे. त्याच्या पायरीखाली दुसरी पायरी नाही.

ज्यांच्याकडे तळघर नव्हते, ते जमेकी आल्याचा अर्क पीत. नावाला औषध, प्रत्यक्षात बहुतांश अल्कोहोल. १९३० मध्ये या अर्कात एक विषारी औद्योगिक रसायन मिसळले गेले आणि हजारो गरिबांचे पाय लुळे पडले. पाऊल आपटत चालण्याची त्यांची ढब दुरूनही ओळखू येई. डुलणाऱ्या पायांवर शतकभर पोसलेल्या व्यंगचित्राने या पायांकडे क्वचितच पाहिले. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली आणि मिस्टर ड्रायची सद्दी संपली. लुळ्या पायांची नोंद ठेवली ती ब्लूज गायकांनी. मिसिसिपीच्या इशमन ब्रेसीने १९३० मध्येच ‘जेक लिकर ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले होते.